प्रारंभिक मानांकन (ऑनलाइन बुद्धिबळ)

प्रारंभिक मानांकन म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नव्याने नोंदणी करणाऱ्या खेळाडूच्या ताकदीचा अंदाजी आकडा होय. खेळाडूचा एकही डाव झालेला नसताना हा आकडा त्याला दिला जातो किंवा तो स्वतः निवडतो. बोलीभाषेत यास ‘सुरुवातीचे रेटिंग’ असे म्हणतात. हा आकडा गुणवत्तेचे प्रमाणपत्र नसतो. पहिला प्रतिस्पर्धी कोण असावा हे ठरवण्यासाठी आणि पुढील गणिताला आरंभबिंदू मिळावा यासाठी तो वापरला जातो. खेळाडू डाव खेळत गेला की निकालांनुसार मानांकन बदलते व काही डावांनंतर सुरुवातीच्या अंदाजाचा प्रभाव बराचसा नाहीसा होतो. अंदाज फार चुकला, तर मात्र पहिले काही डाव एकतर्फी होतात. त्याची झळ नवोदितास व त्याच्या प्रतिस्पर्ध्यांस सोसावी लागते.

## पार्श्वभूमी

बुद्धिबळपटूंची ताकद आकड्यांत मांडण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाले. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये केनेथ हार्कनेस यांची पद्धत स्वीकारली होती. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो (१९०३–१९९२) यांनी तिच्या जागी संख्याशास्त्रावर आधारित पद्धत मांडली. ती अमेरिकन महासंघाने १९६० मध्ये, तर आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने (फिडे) १९७० मध्ये अंगीकारली. मराठी वृत्तपत्रांतून ‘एलो गुण’ हा शब्दप्रयोग आढळतो, तो एलो यांच्याच नावावरून आला आहे.

एलो पद्धत वर्षातून काही स्पर्धा खेळणाऱ्या व महासंघाकडे नोंद असलेल्या खेळाडूंसाठी तयार झाली होती. इंटरनेटवरील खेळात परिस्थिती वेगळी असते. तेथे नोंदणी काही मिनिटांत होते, खेळाडूची कोणतीही पूर्वनोंद उपलब्ध नसते आणि एका दिवसात अनेक डाव खेळले जातात. नवागताबद्दल काहीच माहिती नसताना त्याला कोठे उभे करावे, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेली ग्लिको पद्धत व तिची सुधारित आवृत्ती ग्लिको–२ या दोन्हींनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. लिचेस हे संकेतस्थळ ग्लिको–२, तर चेस डॉट कॉम हे संकेतस्थळ ग्लिको पद्धत वापरते.

## मानांकनाचा अर्थ

मानांकनाच्या एकट्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नसतो. अर्थ असतो तो दोन खेळाडूंच्या आकड्यांतील फरकाला. एखाद्या संकेतस्थळावरील सर्व खेळाडूंच्या मानांकनात प्रत्येकी १०० गुण मिळवले, तरी कोण कोणाला किती वेळा हरवील, याविषयीचे भाकीत बदलणार नाही.

विजयास १, बरोबरीस अर्धा व पराभवास शून्य गुण धरले, तर बलवान खेळाडूचे अपेक्षित गुण पुढील सूत्राने काढतात. येथे ‘फ’ हा दोघांच्या मानांकनांतील फरक होय.

अपेक्षित गुण = १० ^ (फ ÷ ४००) ÷ (१ + १० ^ (फ ÷ ४००))

या सूत्रानुसार मिळणारी उत्तरे अशी आहेत :

| मानांकनांतील फरक | बलवान खेळाडूचे १०० डावांतील अपेक्षित गुण |
|---|---|
| ० | ५० |
| १०० | ६४ |
| २०० | ७६ |
| ३०० | ८५ |
| ४०० | ९१ |
| ८०० | ९९ |

ज्याची खरी ताकद ८०० च्या आसपास आहे, त्याने १२०० पासून सुरुवात केली, तर १२०० च्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध १०० डावांत त्याला सुमारे ९ गुण अपेक्षित असतात. त्याने १६०० पासून सुरुवात केली, तर हे प्रमाण शंभरात एक इतके खाली येते.

## प्रारंभिक मानांकन ठरवण्याच्या पद्धती

### सर्वांना समान आकडा

या पद्धतीत प्रत्येक नवागतास एकच आकडा दिला जातो. लिचेसवर हा आकडा १५०० आहे. मानांकन अद्याप पक्के झालेले नाही हे दर्शवण्यासाठी आकड्यापुढे प्रश्नचिन्ह लावतात. या पद्धतीत कोणालाही स्वतःची पातळी ठरवावी लागत नाही व खोट्या दाव्यास वाव राहत नाही. मात्र सोंगट्यांच्या चाली नुकत्याच शिकलेली व्यक्ती आणि स्पर्धांत मुरलेला खेळाडू हे दोघेही एकाच ठिकाणाहून निघतात. खेळाडूंच्या समुदायाच्या मध्याजवळ ठेवलेल्या आकड्यामुळे अगदी नवख्या खेळाडूला पहिले अनेक डाव गमवावे लागण्याची शक्यता असते.

### स्वतःची पातळी निवडणे

या पद्धतीत नोंदणीच्या वेळी खेळाडूला त्याची पातळी विचारली जाते व प्रत्येक पर्यायास एक आकडा जोडलेला असतो. चेस डॉट कॉमवर पूर्वी सर्वांना १२०० हा आकडा मिळत असे. पुढे तेथे पातळी निवडण्याची सोय झाली आणि अगदी नवख्यासाठी ४००, प्राथमिक पातळीसाठी ८००, मध्यमसाठी १२०० व प्रगत खेळाडूसाठी १६०० असे आकडे ठेवण्यात आले. या पद्धतीत नवखा खेळाडू थेट नवख्यांशी खेळू शकतो. तिचे यश खेळाडूच्या आत्मपरीक्षणावर व प्रामाणिकपणावर अवलंबून असते.

### वय अथवा इतर माहितीवरून अंदाज

अमेरिकन बुद्धिबळ महासंघाच्या सूत्रात, दुसरी कोणतीही माहिती नसल्यास, वयावरून आरंभबिंदू काढण्याची तरतूद आढळते. २६ वर्षांपर्यंतच्या खेळाडूच्या वयास ५० ने गुणले जाते व त्यापुढील वयासाठी १३०० हा आकडा धरला जातो. त्यानुसार बारा वर्षांच्या मुलाचा आरंभबिंदू ६०० येतो. एखाद्या मुलाची ताकद याहून पुष्कळ अधिक असू शकते. सूत्र केवळ त्या वयाच्या नवागतांविषयीचा सर्वसाधारण अंदाज मांडते.

### पहिल्या डावांवरून काढलेले मानांकन

फिडेच्या पद्धतीत खेळण्यापूर्वी कोणताही आकडा दिला जात नाही. बिगरमानांकित खेळाडूने मानांकित प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध किमान पाच डाव खेळल्यावर त्याचे पहिले मानांकन निघते. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार या डावांत १८०० मानांकनाच्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या बरोबऱ्या मिळवल्या जातात.

एखादा खेळाडू १४००, १४५०, १५००, १५५० व १६०० मानांकनाच्या पाच जणांशी खेळला आणि त्याने अडीच गुण मिळवले, असे समजा. प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १५०० येते. दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी धरल्यावर सातांची सरासरी सुमारे १५८६ होते व गुण सातांपैकी साडेतीन होतात. निम्मे गुण मिळाल्यामुळे त्याचे पहिले मानांकन १५८६ येते. या दोन काल्पनिक डावांमुळे मोजक्या निकालांवरून निघणारे टोकाचे आकडे मध्याकडे ओढले जातात. म्हणजेच फिडेच्या पद्धतीतही एक पूर्वअंदाज असतो. तो खेळाडूच्या नावापुढे दिसत नाही, गणितात दडलेला असतो.

## अनिश्चितता व तात्पुरते मानांकन

एलो पद्धतीत एका डावामुळे मानांकन किती बदलावे, हे ‘के’ या गुणकावर ठरते. फिडेच्या नियमांत नव्या खेळाडूचे ३० डाव पूर्ण होईपर्यंत हा गुणक ४० असतो, त्यानंतर सर्वसाधारणपणे २० असतो आणि २४०० मानांकन गाठलेल्यांसाठी १० असतो. अठरा वर्षांखालील व २३०० हून कमी मानांकनाच्या खेळाडूंसाठीही गुणक ४० ठेवला आहे. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरल्यास गुणकाच्या निम्मे गुण जातात.

ग्लिको पद्धतीत मानांकनासोबत ‘मानांकन विचलन’ नावाचा दुसरा आकडा ठेवला जातो. मानांकन कितपत खात्रीचे आहे, हे तो सांगतो. मूळ ग्लिको पद्धतीत नव्या खेळाडूसाठी मानांकन १५०० व विचलन ३५० धरतात. खरे मानांकन सुमारे ९५ टक्के खात्रीने मानांकनाच्या दोन्ही बाजूंस विचलनाच्या दुपटीइतक्या पट्ट्यात असते, असे मानले जाते. १५०० व ३५० या आकड्यांवरून हा पट्टा ८०० ते २२०० असा निघतो. एवढ्या रुंद पट्ट्यात जवळजवळ सर्व प्रकारचे हौशी खेळाडू सामावतात. त्यामुळे नव्या खेळाडूचे १५०० मानांकन हे त्याच्या ताकदीचे विधान ठरत नाही.

विचलन मोठे असताना प्रत्येक निकालाचा परिणाम मोठा होतो. १५०० पासून सुरुवात केलेला खेळाडू सलग हरत गेला आणि दर वेळी त्याची गाठ त्याच्या त्या वेळच्या मानांकनाइतक्याच, पण पक्क्या (विचलन ५०) मानांकनाच्या प्रतिस्पर्ध्याशी पडली, तर ग्लिको सूत्रानुसार पुढील आकडे येतात :

| पराभव | या डावात गमावलेले गुण | नवे मानांकन | नवे विचलन |
|---|---|---|---|
| पहिला | १७५ | १३२५ | २४८ |
| दुसरा | ११७ | १२०८ | २०३ |
| तिसरा | ८८ | ११२० | १७६ |
| चौथा | ७० | १०५० | १५७ |
| पाचवा | ५९ | ९९२ | १४३ |
| दहावा | ३२ | ७९१ | १०६ |

पाच पराभवांत मानांकन ५०० हून अधिक गुणांनी उतरते. एलो पद्धतीत गुणक २० धरल्यास तेवढीच घसरण होण्यास बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सुमारे ५१ पराभव लागले असते. आधुनिक संकेतस्थळांवर चुकीची सुरुवात लवकर दुरुस्त होते, ती यामुळे. पहिल्या डावात १७५ गुण गेले म्हणजे खेळाडू तेवढा कमकुवत झाला असे नसते. अंदाज दुरुस्त होत असतो, एवढाच त्याचा अर्थ.

प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनेही विचलन विचारात घेतले जाते. पक्क्या मानांकनाचा (विचलन ५०) खेळाडू तेवढ्याच मानांकनाच्या पक्क्या खेळाडूकडून हरला, तर त्याचे सुमारे ७ गुण जातात. विचलन ३५० असलेल्या नवागताकडून हरल्यास सुमारे ५ गुण जातात, कारण नवागताचा आकडा विश्वसनीय मानला जात नाही. लिचेसवर विचलन ११० हून अधिक असेपर्यंत मानांकनापुढे प्रश्नचिन्ह राहते. दीर्घकाळ न खेळल्यास विचलन पुन्हा वाढते. त्यामुळे काही वर्षांनी परतलेल्या खेळाडूचे मानांकनही काही प्रमाणात नव्याने ठरते.

## निवडीचे परिणाम

फार उच्च आकडा निवडल्यास खेळाडूची गाठ सुरुवातीसच आपल्याहून बलवान प्रतिस्पर्ध्यांशी पडते. सलग पराभव होतात व मानांकन झपाट्याने उतरते. अनुभवी व्यक्तीस हे तात्पुरते आहे हे ठाऊक असते. पहिल्यांदाच खेळणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र ती स्वतःच्या बुद्धीविषयीची साक्ष वाटू शकते. ओळीने पाच–दहा डाव गमावून खेळ सोडून देणाऱ्याचे मानांकन योग्य ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच तो निघून गेलेला असतो. गणिताच्या दृष्टीने क्षुल्लक असणारी चूक अशा वेळी खेळाडूच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

फार कमी आकडा निवडल्यास त्रास प्रतिस्पर्ध्यांना होतो. १६०० ताकदीचा खेळाडू ४०० पासून सुरुवात करून वरील तक्त्यातील गृहीतकांनुसार सलग दहा डाव जिंकला, तरी त्याचे मानांकन सुमारे ११०९ पर्यंतच पोहोचते. तोपर्यंत त्याच्यासमोर आलेल्या दहाही जणांना असमान डाव खेळावा लागलेला असतो आणि त्यांपैकी पहिले काही जण नुकतेच खेळ शिकलेले असण्याची शक्यता असते. जिंकणाऱ्यासही या डावांतून शिकण्यासारखे फारसे मिळत नाही.

अंदाज थोडा चुकल्यास, म्हणजे शंभर–दोनशे गुणांचा फरक राहिल्यास, व्यवहारात फारसे नुकसान होत नाही. दोनशे गुणांनी बलवान असलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धही कमकुवत खेळाडूला शंभर डावांत सुमारे २४ गुण अपेक्षित असतात. दोन पातळ्यांबाबत संभ्रम असल्यास नवोदिताने खालची निवडणे अधिक सुसह्य ठरते, कारण विचलन मोठे असल्यामुळे वर जाण्यासही फार डाव लागत नाहीत.

## पातळीचा अंदाज

ज्या संकेतस्थळावर पातळी स्वतः निवडावी लागते, तेथे पुढील ढोबळ खुणा उपयोगी पडतात.

* ४०० च्या आसपास : सोंगट्यांच्या चाली ठाऊक आहेत, परंतु आपली सोंगटी फुकट मारली जात आहे हे अनेकदा लक्षात येत नाही. शह व मात यांतील फरक पक्का झालेला नाही.
* ८०० च्या आसपास : एका चालीतील धमकी बहुधा दिसते. वजीर अथवा दोन हत्ती यांच्या साहाय्याने एकट्या राजावर मात करता येते. किल्लेकोट केव्हा करावा याची जाण आहे.
* १२०० च्या आसपास : घोड्याचा दुहेरी हल्ला, सोंगटी जखडणे यांसारख्या युक्त्या ओळखता व वापरता येतात. सोंगटी फुकट जाण्याचे प्रमाण कमी झाले आहे. प्याद्यांच्या साध्या अंतिम अवस्था ठाऊक आहेत.
* १६०० च्या आसपास : काही सुरुवातींचा अभ्यास आहे, अनेक चालींचे गणित मनात करता येते आणि स्पर्धांत खेळण्याचा अनुभव आहे.

संगणकाशी खेळून मिळालेला अनुभव जपून वापरावा लागतो. लिचेसवर संगणकाच्या आठ पातळ्या उपलब्ध आहेत. मात्र संगणकाच्या खालच्या पातळ्यांवरील चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतात. कोड्यांसाठी दिले जाणारे मानांकनही डावांच्या मानांकनाहून वेगळे असते. कोड्यात उत्तम चाल अस्तित्वात आहे हे सोडवणाऱ्यास आधीच ठाऊक असते. डावात ते कोणी सांगत नाही. म्हणून कोड्यांतील आकडा डावांसाठी आरंभबिंदू म्हणून घेणे योग्य नव्हे. मानांकनाशिवायचे, म्हणजे अनरेटेड, काही डाव आधी खेळून पाहणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय.

## काळमर्यादेनुसार भेद

बहुतेक संकेतस्थळांवर प्रत्येक काळमर्यादेसाठी स्वतंत्र मानांकन असते. लिचेसवर डावाची मूळ वेळ आणि प्रत्येक चालीस मिळणाऱ्या वाढीव सेकंदांची चाळीसपट यांची बेरीज करून डावाचा प्रकार ठरवला जातो. ही बेरीज सुमारे ३ ते ८ मिनिटे असल्यास ब्लिट्झ, ८ ते २५ मिनिटे असल्यास रॅपिड व त्यापुढे क्लासिकल असे वर्गीकरण होते. त्याहून अल्प वेळेच्या डावांना बुलेट म्हणतात.

वर्गीकरण सर्वत्र एकसारखे नसते. दहा मिनिटांचा डाव चेस डॉट कॉमवर रॅपिड समजला जातो, तर फिडेच्या नियमांनुसार दहा मिनिटे वा त्याहून कमी वेळेचा डाव ब्लिट्झ ठरतो. नवख्या खेळाडूचे पहिले डाव अल्प वेळेचे असल्यास ताकदीऐवजी घड्याळ हाताळण्याचा वेग व माउस किंवा मोबाइलवर चाल करण्याची सवय यांचेच मोजमाप होते. त्यामुळे सुरुवात दहा मिनिटे वा त्याहून अधिक वेळेच्या डावांनी करण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

## भिन्न मानांकनांची तुलना

प्रत्येक संकेतस्थळाचा खेळाडू समुदाय वेगळा असतो व त्याचा आरंभबिंदूही वेगळा असतो. जेथे सर्वजण १५०० पासून निघतात, तेथील आकडे त्या संख्येभोवती पसरतात. जेथे अनेक नवखे ४०० वा ८०० पासून निघतात, तेथील आकडे खाली सरकतात. त्यामुळे हौशी पातळीवरील एकाच खेळाडूचे लिचेसवरील मानांकन चेस डॉट कॉमवरील मानांकनाहून अधिक असल्याचे सामान्यतः आढळते. यांपैकी कोणताही आकडा ‘खरा’ व दुसरा ‘फुगवलेला’ असे म्हणता येत नाही. दोन्ही आपापल्या समुदायापुरते बरोबर असतात.

पटावरील खेळाचे मानांकनही असे बदलत आले आहे. फिडेच्या यादीतील किमान मानांकन सुरुवातीच्या काळात २२०० होते. ते टप्प्याटप्प्याने १००० पर्यंत खाली आणले गेले आणि १ मार्च २०२४ रोजी पुन्हा १४०० करण्यात आले. त्याच वेळी २००० हून कमी मानांकनाच्या खेळाडूंच्या आकड्यात २००० पर्यंतच्या अंतराचा ४० टक्के भाग एकदाच मिळवण्यात आला. त्यामुळे १००० चे १४००, १५०० चे १७०० व १८०० चे १८८० झाले. खेळाडूंची ताकद एका रात्रीत वाढली नव्हती, मोजपट्टी बदलली होती.

## महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील, विशेषतः मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांतील, खेळाडूसाठी ऑनलाइन मानांकन हे बहुधा त्याच्या खेळाचे पहिले आकडी मोजमाप असते. विदर्भातील वाशिम जिल्हा हे याचे एक उदाहरण म्हणून घेता येते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांचा असून तो अमरावती विभागात मोडतो. राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळाचा समावेश आहे. त्या १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात आणि यशस्वी खेळाडू तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा क्रमाने पुढे जातात.

या स्पर्धांतून मिळतो तो क्रमांक. मानांकनाचा आकडा त्यातून निघत नाही. तालुक्यात पहिला आलेला विद्यार्थी त्या तालुक्यातील सहभागी खेळाडूंत सर्वांत बलवान होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. तो ८०० ताकदीचा आहे की १६०० ताकदीचा, हे क्रमांकावरून सांगता येत नाही, कारण इतर सहभागी खेळाडूंची ताकद ठाऊक नसते. त्यामुळे ‘तालुक्यात प्रथम’ या आधारावर प्रगत पातळी निवडणारा विद्यार्थी ऑनलाइन पहिल्याच डावांत अनपेक्षित पराभव पाहू शकतो. शाळेत कधी न जिंकलेल्या, पण बलवान वर्गमित्रांशी नियमित खेळलेल्या विद्यार्थ्याची ताकद त्याच्या समजुतीपेक्षा अधिकही असू शकते. फिडेचे मानांकन मिळवण्यासाठी नोंदणीकृत स्पर्धेत मानांकित प्रतिस्पर्ध्यांशी खेळणे आवश्यक असल्याने प्रवास व प्रवेशशुल्काचा खर्च येतो. ऑनलाइन मानांकन त्याची जागा घेत नाही, परंतु अशा स्पर्धेची तयारी कितपत झाली आहे याचा अंदाज ते देऊ शकते.

घरातील वडीलधाऱ्यांकडून खेळ शिकलेल्यांच्या बाबतीत नियमांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो. भारतीय परंपरेतील बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नसे, किल्लेकोट नसे व त्याऐवजी शह बसला नसल्यास राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची चाल करता येत असे. ऑनलाइन संकेतस्थळांवर आंतरराष्ट्रीय नियम लागू असतात. जुन्या नियमांत तरबेज असलेल्या खेळाडूची हिशेब करण्याची क्षमता कायम राहते, पण डावाची सुरुवात त्याला अनोळखी वाटते. पहिल्या डावांचे वजन सर्वाधिक असल्यामुळे मानांकनाचे डाव खेळण्यापूर्वी नवे नियम अंगवळणी पडणे इष्ट असते.

इंटरनेट जोडणीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. जोडणी तुटून डाव वेळेअभावी गेला, तर गणित त्यास सामान्य पराभवच मानते. पक्क्या मानांकनाच्या खेळाडूस याची किंमत काही गुणांत मोजावी लागते. नवागतास मात्र पहिल्या डावात, वरील तक्त्यानुसार, १७५ गुणांपर्यंत. हा प्रश्न केवळ नवख्यांपुरता मर्यादित नाही. ऑगस्ट २०२० मधील फिडे ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुख व केरळचे निहाल सरीन यांची जोडणी तुटली आणि पुढे भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. त्या संघाचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी होते. दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला. साध्या ऑनलाइन डावांसाठी मात्र अशा फेरविचाराची सोय नसते.

## गैरवापर व त्यावरील उपाय

मुद्दाम कमी पातळी निवडणे अथवा जाणूनबुजून डाव हरून मानांकन पाडणे, हा प्रकार कमी मानांकनाच्या गटातील बक्षिसे मिळवण्यासाठी वा सोप्या विजयांसाठी केला जातो. जुने मानांकन टाकून पुन्हा नव्याने सुरुवात करण्यासाठी दुसरे खाते उघडण्याचाही प्रयत्न होतो. दोन्ही गोष्टी संकेतस्थळांच्या नियमांविरुद्ध असून त्यासाठी खाते बंद होऊ शकते. नव्या खात्यावरील सलग विजयांकडे या कारणास्तव विशेष लक्ष दिले जाते. प्रतिस्पर्ध्याने संगणकाची मदत घेतल्याचे सिद्ध झाल्यास त्याच्याविरुद्ध गमावलेले गुण खेळाडूला परत देण्याची व्यवस्था चेस डॉट कॉम व लिचेस या दोन्ही संकेतस्थळांवर आहे.

प्रारंभिक मानांकन एकदा ठरल्यावर ते बदलण्याचा नियमित मार्ग म्हणजे डाव खेळणे हाच होय. पहिल्या दहा–वीस डावांतील चढउतार हे मोजमाप सुरू असल्याचे लक्षण असते. त्यानंतर आकड्याचा वेग मंदावतो व खेळातील प्रगती मानांकनातून हळूहळू दिसू लागते.

## हेसुद्धा पाहा

* बुद्धिबळ
* एलो मानांकन पद्धती
* ग्लिको मानांकन पद्धती
* आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ
* वाशिम जिल्हा